हवी ती शिफ्ट

माझी बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मुलगी नुकती पालथी पडायला लागली होती. मी डिचोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. त्या वेळी आमच्याकडचे फोन काळे, जड आणि बिनडायलचे. कोणी दांडा फिरवला की आमच्या बोर्डवर त्याच्या नंबरचं छोटं शटर टप्पकन खाली पडायचं. आम्ही तिथे कॉर्ड खुपसायचो, "नंबर प्लीज" म्हणायचो आणि हवा तो नंबर जोडून द्यायचो. सगळ्या गावाचं बोलणं आमच्या हातांखालून जायचं.

नवरा शिरगावच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. ते आजऱ्याकडचे, कोल्हापूर जिल्ह्यातले. मी पेडण्याची. माझा मामा त्याच खाणीवर होता, त्यानं जमवलं. पेडण्याला बायका म्हणाल्या, "घाटयाक दिलें गो चेडूं," घाटावरच्याला मुलगी दिली म्हणून. वडिलांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांना जावई आवडला होता. कमी बोलतो आणि जेवताना मान वर करत नाही, एवढंच त्यांना पुरलं.

आम्ही डिचोलीत दोन खोल्या घेऊन राहायचो. मुलीला सांभाळायला कोणी नव्हतं. सासूबाई एक महिना राहून गेल्या. त्यांना इथला उकाडा सोसला नाही, शेजारच्या घरातला सुक्या बांगड्यांचा वास तर मुळीच नाही, आणि गावाकडे म्हशी होत्या. माझी आई पेडण्याला वडिलांच्या दम्यात अडकलेली. नोकरी सोडायचा विचार मी एकदा बोलून दाखवला. हे म्हणाले, "सोडू नको. कायतरी काढू की वाट."

वाट आमच्या सुपरवायझर बाईंनी काढली. त्या मडगावच्या, बिनलग्नाच्या, बोलायला तुटक. मी रजेवरून आले त्याच दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मला बोर्डवर माणूस पाहिजे," त्या म्हणाल्या. "कोणता माणूस, ते मी विचारत नाही. तुला हवी ती शिफ्ट घे. आपापसात बदलून घ्या आणि मला फक्त सांगा."

त्या काळी सरकारी खात्यात असं कोणी बोलत नसे. मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा नवऱ्याचा चेहरा उजळला. वर्कशॉपमध्येही शिफ्ट बदलून घेता यायची, जोडीदार मिळाला की झालं. ते सकाळच्या शिफ्टला गेले की मी दुपारची घ्यायची. ते दुपारच्या शिफ्टला गेले की मी सकाळची. मुलगी कायम दोघांपैकी एकाकडे. शेजारच्या वयनीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमचें बरें आसा गो. दोगांयचोय पगार आनी भुरगें घरांत." मलाही तसंच वाटलं.

खाणीची बस दुपारी स्टँडवर यायची. मी साडी नेसून, डबा आणि मुलगी घेऊन तिथे उभी राहायचे. बसमधून लाल मातीत माखलेली माणसं उतरायची, त्यांतून हे पुढे यायचे. हात धुतलेले असायचे. मुलीसाठी ते वर्कशॉपमध्येच साबणानं धुवून यायचे, मनगटापर्यंत स्वच्छ आणि वर कोपरापर्यंत लाल. मी मुलगी त्यांच्या हातात द्यायची आणि सांगायची, "भात खाल्लाय. झोपली नाही. दूध झाकून ठेवलंय, तापवा." ते म्हणायचे, "बरं." मग मी एक्स्चेंजला आणि ते घरी. दुसऱ्या आठवड्यात उलट. मी सुटून घरी यायचे, ते दारात तयार उभे. "जुलाब हुतायत थोडं. डाळिंबाचं पाणी दिलंय." मी म्हणायची, "बरं." बस चुकू नये म्हणून ते पळायचे.

दुपारच्या शिफ्टवरून आलेला माणूस घरी पोचायचा तेव्हा सकाळच्या शिफ्टचा झोपलेला असायचा. एक जेवण झाकलेलं, एक माणूस पांघरुणात. सुट्ट्याही जुळायच्या नाहीत. सुरुवातीला आम्ही जागे राहून बोलायचो. मग दुसऱ्याला पहाटे उठायचंय, म्हणून दिवा न लावता जेवायला लागलो. मी काळोखात माशाचे काटे काढायला शिकले.

मुलगी छान वाढत होती. त्यात काही खोट नव्हती. तिला दोघांच्याही हातचं जेवण चालायचं, दोघांच्याही पद्धतीची झोप यायची. ती माझ्याशी कोंकणी बोलायची आणि त्यांच्याशी कोल्हापुरी मराठी, आणि कधी गल्लत करायची नाही. गल्लत करायला आम्ही दोघं तिच्यासमोर एकत्र असायला हवे होतो.

हवी ती शिफ्ट मिळत होती, पण ती कोणाकडून तरी घ्यावी लागायची. आमच्या एक्स्चेंजमध्ये आणखी तिघी होत्या. त्यांतल्या एकीनं माझ्यासाठी आठवडा बदलला की तिला लागेल तेव्हा मी उभी राहायची. लागायचं कधी? गणपतीत, चवथीला. दिवाळीला. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला. लग्नसराईतल्या रविवारी. कोणी वाईट वागत नव्हतं. "तू त्या वेळी घेतलीस मगो, आता माझी घे," एवढंच म्हणायच्या, आणि ते खरं होतं. लग्नानंतर पेडण्याच्या घरी चवथीला मी एकदाच गेले. नंतर दर चवथीला मी बोर्डवर. त्या दिवशी फोन फारसे नसायचे. बाहेर फटाके वाजायचे आणि मी हेडसेट लावून रिकाम्या शटरांकडे बघत बसायची. पहिल्या वर्षी डोळ्यांत पाणी आलं होतं. नंतरच्या वर्षांचं मला वेगवेगळं काही आठवत नाही.

भाषेचं आंदोलन पेटलं ते त्याच वर्षांत. आमच्या गल्लीत मराठीवाले आणि कोंकणीवाले एकमेकांच्या दुकानात जायचे बंद झाले होते. फोनवरसुद्धा कोणी दरडावायचं, "कोंकणीत बोल," कोणी म्हणायचं, "मराठीत बोला." मी सगळ्यांना "नंबर प्लीज"च म्हणायची. घरात कोण कुठल्या बाजूचं, हा प्रश्न आमच्यात कधी निघालाच नाही. निघायला वेळ लागतो.

एका दुपारी मी मुलीला घेऊन स्टँडवर उभी होते आणि खाणीची बस आली नाही. रस्त्यावर झाडं आडवी टाकलीत, टायर पेटवलेत, असं कोणी तरी म्हणालं. दुकानांची दारं ओढली जात होती. माझी ड्युटी सुरू व्हायची वेळ होऊन गेली. मी थोडा वेळ वाट बघितली, मग मुलीला कडेवर घेऊन सरळ एक्स्चेंजला गेले.

सुपरवायझर बाईंनी मुलीकडे बघितलं. कोपऱ्यात एक जुनी सतरंजी होती, तीच त्यांनी अंथरली. सगळा बोर्ड शटरांनी भरलेला. पोलीस, डॉक्टर, खाणवाले, घरी न पोचलेल्यांच्या बायका. मुलगी थोडा वेळ रडली. मी एका हातानं कॉर्ड लावत दुसऱ्या हातानं तिला थोपटत होते. ती सतरंजीवर कधी झोपली ते कळलंच नाही.

संध्याकाळी दारात सावली पडली. नवरा शिरगावाहून चालत आला होता. बुटांवर चिखल, पँटला गुडघ्यापर्यंत लाल माती, कपाळावर कशाचा तरी ओरखडा. मी एका ट्रंक कॉलवर होते, पणजी लाइन देत नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि बोटानं कोपरा दाखवला. ते आत आले, वाकले, मुलीला न जागवता उचललं. जाताना माझ्याकडे बघत क्षणभर थांबले. मी हेडसेटच्या माइकमध्ये म्हणत होते, "हॅलो पणजी, हॅलो पणजी." ते निघून गेले.

कपाळाला काय लागलं, हे मी घरी जाऊन विचारणार होते. घरी गेले तेव्हा ते झोपले होते. सकाळी मी उठायच्या आत गेले. ओरखडा भरून आला तेव्हा विचारायचं कारण उरलं नाही.

पुढे गोवा राज्य झालं. त्या दिवशीही मी कोणाच्या तरी बदली ड्युटीवर होते. अभिनंदनाच्या फोनांचा नुसता पाऊस. बाईंनी पेढे आणले होते. लोक ओळख नसताना मला फोनवर म्हणत होते, "बाय, आमचें राज्य जालें." मी म्हणत होते, "हो, अभिनंदन. नंबर प्लीज." माझ्या आवाजात आनंद होता, तो मला स्वतःला ऐकू येत होता. हेडसेट काढल्यावर तो कुठे गेला ते कळलं नाही. मी एक पेढा मुलीसाठी रुमालात बांधून नेला.

वडील गेले ते त्यानंतरच्या पावसाळ्यात. मी सकाळच्या शिफ्टला होते. पेडण्याच्या एक्स्चेंजची ऑपरेटर माझ्या ओळखीची होती, लाइनवर रोज दोन शब्द व्हायचे. तिनं त्या दिवशी नंबर मागितला नाही.

"तुझा दादा इथे उभा आहे," ती म्हणाली. "बोल."

दादा म्हणाला, "बाबा गेले. आताच."

मी म्हणाले, "बरं."

 दादानं विचारलं, "येतेस ना?"

"येते."

समोर तीन शटरं पडली होती. मी तिन्ही कॉल लावून दिले. मग चौथा. मग बाजूच्या मुलीला सांगितलं, माझे वडील गेले. ती दचकून माझ्याकडे बघायला लागली. तिला माझ्या जागी बसता येत नव्हतं, तिचा स्वतःचा बोर्ड होता. बाकीच्या दोघींपैकी कोणाकडे माझी एकही ड्युटी शिल्लक नव्हती, सगळ्या मी आधीच वापरून बसले होते. सुपरवायझर बाई उठल्या, माझ्या डोक्यावरचा हेडसेट स्वतःच्या हातानं काढला आणि माझ्या खुर्चीवर बसल्या. "जा," त्या म्हणाल्या. "काही बघू नकोस. जा."

घरी नवरा मुलीला अंघोळ घालत होते. मी सांगितलं. ते तसेच ओल्या हातांनी उभे राहिले.

"तुमी दोघी व्हा पुढं," ते म्हणाले. "माझी दुपारची हाय. जोडीदार अस्नोड्याला ऱ्हातो, त्याला गाठून शिफ्ट देतो आणि मागनं येतो."

"कळवून नाही का चालणार?"

"माणूस दिल्याबिगर न्हाई चालत."

त्यात त्यांची चूक नव्हती. जी सोय आम्हाला रोज उपयोगी पडत होती तिचा नियमच तो होता. मी मुलीला टॉवेलात गुंडाळलं, कपडे पिशवीत कोंबले आणि म्हापशाची बस धरली. म्हापशाहून पेडणे. बस अर्ध्या वाटेवर पंक्चर झाली. आम्ही पोचलो तेव्हा बाबांना बाहेर आणून ठेवलं होतं. सगळे आमच्यासाठी थांबले होते. मी पाया पडले. मुलगीही पाया पडली. तिला तो खेळ वाटला.

"भावोजी खंय?" दादानं विचारलं.

"मागाहून येतायत. शिफ्ट देऊन."

दादा परत बाबांजवळ गेला. पण बाहेर बसलेल्या माणसांत ते वाक्य पसरत गेलेलं मला दिसलं. शिफ्ट देऊन.

ते आले तेव्हा माणसं स्मशानातून परतून अंगणात हात-पाय धूत होती. ते पावसात भिजलेले. दादाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, आईच्या पाया पडले. मग मागच्या पडवीत आले, जिथे मी आईजवळ बसले होते. आमची सकाळनंतर पहिलीच गाठ. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं,

"पोरीनं काय खाल्लं?"

"पेज," मी म्हणाले. "झोपलीय आत."

"बरं."

आणि ते बाहेर पुरुषांत जाऊन बसले.

आईनं सगळं ऐकलं. तिचं कुंकू पुसलेलं कपाळ मी तोपर्यंत बघायचं टाळत होते. तिनं माझा हात धरला.

"तुमचें बरें आसा मगो?" तिनं विचारलं.

"आहे की. काय झालं?"

"कांय ना," ती म्हणाली आणि हात सोडला.

मला रडू आलं नाही. तेराव्यापर्यंत बायका माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी एकदोनदा पदर डोळ्यांना लावला. बाबांची आठवण येत नव्हती असं नाही. ते लहानपणी मला सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून तेरेखोलची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, दाखवायला न्यायचे, ते आठवत होतं. पण ते आठवणं फोनवर दुसऱ्याचं बोलणं ऐकू यावं तसं होतं. आपण मध्ये आहोत, बोलणं आपल्याशी नाही.

मुलगी बालवाडीत जायला लागली आणि एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं. खोक्यांतून मशीन आलं, पणजीहून इंजिनियर आले, एका दुपारी त्यांनी आमच्या बोर्डची वायर कापली आणि लोक आपापले नंबर स्वतः फिरवायला लागले. सुपरवायझर बाई मुदतीआधीच निवृत्त झाल्या. मला बिलांच्या खिडकीवर बसवलं. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, रविवारी सुट्टी. त्याच सुमाराला खाणीवर ह्यांना स्टोअरमध्ये घेतलं आणि जनरल शिफ्ट मिळाली. आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटलं, चला, सुटले बिचारे.

पहिल्या संध्याकाळी मी घरी आले तर ते आधीच आलेले. वयनीकडून मुलीला आणलेलं. मी चहा टाकायला गेले तर त्यांनीही टाकलेला. आम्ही दोघं दोन भांडी हातात धरून ओट्याशी उभे राहिलो.

"तू घे," ते म्हणाले.

"नको, तुमचा उकळलाय."

चहा घेऊन ते बाहेरच्या खोलीत एका कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसले, मी दुसऱ्यावर. मुलगी मध्ये उभी राहून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिनं कोंकणीत सुरुवात केली, थांबली, मराठीत विचारलं,

"आज कोण जाणार?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

"मग ड्युटी कोणाची?"

ते हसले. मीही हसले. मुलगी हसली नाही. ती दारात जाऊन बसली आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी मला कळलं की आमच्या घरात दोन स्वयंपाकघरं आहेत. मी मिठाची बरणी चुलीच्या डावीकडे ठेवायची, ते उजवीकडे. गेली कित्येक वर्षं आम्ही एकमेकांच्या पाठीमागे ती हलवत होतो. ते आमटीत चिंच घालायचे, मी सोलं, म्हणजे आमसुलं. मुलगी त्यांच्याबरोबर भाकरी खायची आणि माझ्याबरोबर शीत. ते असताना ती उजव्या कुशीवर झोपायची कारण ते त्या बाजूला गोष्ट सांगत बसायचे. मी असताना डाव्या कुशीवर. आता दोघंही होतो. ती बिचारी उताणी झोपायला लागली.

आम्ही भांडलो नाही. भांडायला काही नव्हतं. एकमेकांशी पाहुण्यासारखे वागत होतो. "अंघोळीला जाऊ का मी?" असं ते विचारायचे. "जा की," मी म्हणायची. संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ फार मोठा असतो, हे मला तेव्हा समजलं.

एका रविवारी ते म्हणाले, "केरीला जाऊया? पोरीनं समुद्र बघितला न्हाई." डिचोलीत राहून मुलीनं समुद्र बघितला नव्हता, हे खरं होतं. रविवार कधी दोघांचा नसायचाच.

केरीला सुरूच्या झाडांखाली आम्ही डबा खाल्ला. मुलगी पाण्यात पाय घालून किंचाळली आणि मागे पळाली, पुन्हा गेली. मग फेरीबोटीनं तेरेखोलला जायचं ठरलं. बोटीवर दोन स्कूटर, काही मासेवाल्या बायका आणि आम्ही. मुलगी कठड्याच्या खालच्या दांड्यावर चढून पाणी बघत होती, आम्ही दोघांनी तिचा एकेक हात धरला होता.

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मी तुला फोन करायचो."

"कधी?"

"बोर्ड हुता तवा, पोर व्हायच्या आधी. वर्कशॉपातनं. साहेब जेवायला गेला की. दांडा फिरवायचो. तू म्हणायचीस, नंबर प्लीज."

"आणि?"

"आणि काय? काय बोलायचं सुचायचं न्हाई. ठेवून द्यायचो."

मला ते लख्ख आठवलं. खाणीच्या वर्कशॉपच्या लाइनवर दुपारचं शटर पडायचं, मी कॉर्ड लावली की पलीकडे कोणी नाही, नुसता मशीनचा घरघराट. असं फार दिवस चाललं तेव्हा मी फॉल्ट लिहून दिला होता. लाइनमन जाऊन तपासून आला आणि म्हणाला, लाइन चांगली आहे. मी दुसऱ्यांदा लिहून दिला.

हे मी त्यांना सांगितलं. ते मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मासेवाल्या बायका वळून बघायला लागल्या. मला वाटत होतं, आता मलाही काहीतरी व्हायला हवं. रडू यावं, किंवा त्यांचा हात धरावासा वाटावा. मी वाट बघितली. बोट पलीकडच्या धक्क्याला लागली, फळी खाली पडली, स्कूटर सुरू झाल्या. मी मुलीला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "चला, उतरूया."

ते हसायचे थांबले होते. माझ्याकडे बघत होते. मग तेही उतरले.

पुढच्या आठवड्यात जेवताना त्यांनी सांगितलं, "मी परत दुपारची शिफ्ट मागून घेतलीया. वर्कशॉपला. सोमवारपासनं."

मी मुलीच्या ताटात कढी वाढत होते. "बरं," मी म्हणाले.

ताटावर हात आपटल्याचा आवाज झाला. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"बरं? नुसतं बरं? का घेतली म्हणून तरी इचार की!"

"का घेतलीत?"

"आता इचारतीस व्हय!"

"मग काय म्हणू मी?" माझाही आवाज वर गेला होता. "तुम्ही मागून घेतलीत, मला विचारलंत? तेव्हाही कोण कधी जाणार एवढंच ठरवलं आपण. मला चवथीला जायचंय का, तुम्हाला कपाळाला काय लागलं, काही नाही. बाबा गेले तेव्हा तुम्ही मला विचारलंत, पोरीनं काय खाल्लं."

"मग काय इचारू? तू रडतबी न्हवतीस! मला काय कळंना झालं. वाटलं, हात लावला तर तुला नको आसंल."

"नको नव्हता."

 मुलगी जेवायचं थांबून भिंतीला टेकून बसली होती. शेजारी वयनीनं रेडिओ बारीक केला होता, हे मला स्पष्ट कळलं.

"घरी आलो की वाटतंय, दुसऱ्याच्या घरी आलोय," ते हळू आवाजात म्हणाले. "दुपारच्याला गेलो की निदान आपलं जुनं तरी ऱ्हाईल. त्यात मला जमत हुतं."

मी म्हणू शकले असते, जाऊ नका. ते शब्द माझ्याजवळ होते. ते माझ्या मनात आहेत की नुसते आठवताहेत, एवढंच मला ठरवता येईना, आणि ठरेपर्यंत त्यांनी ताटात पाणी ओतून हात धुतले.

सोमवारी ते दुपारच्या शिफ्टला गेले. वर्ष-दीड वर्ष गेले असतील. मी संध्याकाळी मुलीला वयनीकडून आणायची, अभ्यास घ्यायची, त्यांचं ताट झाकून ठेवायची. आम्हाला दोघांनाही ते सोपं गेलं, हे मला मान्य करायला हवं. मग खाणीवरचं काम कमी झालं, दुपारची शिफ्टच बंद पडली आणि ते पुन्हा संध्याकाळी घरी यायला लागले. या वेळी कोणी कोणाला काही विचारलं नाही. मुलीला तोवर दोघंही घरी असण्याचं काही वाटेनासं झालं होतं. ती आमच्या मध्ये बसून गणितं सोडवायची आणि अडलं की जो जवळ असेल त्याला विचारायची.

आम्ही वाईट संसार केला नाही. मुलगी शिकली, तिचं लग्न झालं, ह्यांचे आईवडील शेवटी आमच्याकडेच राहिले. लोक मला म्हणतात, तुमचं बरं जमलं हो, दोघांच्या नोकऱ्या आणि घर. मी हो म्हणते. त्या वेळी नोकरी सोडली असती तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. सुपरवायझर बाईंनी सवलत दिली नसती तर कदाचित भांडलो असतो, कोणी तरी हरलं असतं, आणि आम्हाला एकमेकांचे चेहरे तरी पाठ झाले असते. असं मी कधी कधी म्हणते, पण त्यावर माझा फार विश्वास आहे असंही नाही.

त्या भांडणानंतर मात्र एक बदल झाला. मिठाची बरणी कोणी हलवत नाही. ती मधोमध असते, दोघांनाही जरा लांब पडते.